टोमॅटो सँडविच, अमेरिकेच्या दक्षिणेत घरोघरी करतात तसं

पांढरा ब्रेड, मेयोनीज, टोमॅटो, मीठ, मिरपूड. सामान एवढंच. नॉर्थ कॅरोलायनापासून जॉर्जिया, अलाबामा, टेनेसीपर्यंतच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला लहानपणी उन्हाळ्यात दुपारी काय खायचात म्हणून विचारा, हे सँडविच हमखास निघतं, आणि तरी कोणाच्या घरी त्याची रेसिपी लिहून ठेवलेली नसते कारण ह्यात लिहिण्यासारखं काय आहे असं सगळ्यांना वाटतं. मग बाहेरून आलेले आपल्यासारखे लोक जानेवारीत सुपरमार्केटमधला कडक टोमॅटो आणतात, मल्टिग्रेन ब्रेड भाजतात, आणि खाऊन झाल्यावर विचारतात की ह्याचं एवढं काय कौतुक. म्हणून सविस्तर लिहितेय. ह्या पाच वस्तूंपैकी टोमॅटो एकटा महत्त्वाचा, बाकी चारांनी त्याच्या आड यायचं नाही, आणि खाली जे जे सांगणार आहे ते सगळं ह्या एका गोष्टीसाठी.

मी नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीच्या जवळ राहते. माझी मुलं इथेच वाढली, त्यांच्या लहानपणच्या जेवणात वरणभात आहे तसं हे सँडविचही आहे, आणि मला ते शिकवलं शेजारच्या आजींनी. त्या जॉन्स्टन काउंटीतल्या तंबाखूच्या शेतावर वाढल्या. जुलै-ऑगस्ट म्हणजे तंबाखूची पानं खुडायचा हंगाम, खालची पानं आधी मग हळूहळू वरची असं करत आठवडे चालायचं, घरातली पोरंसोरं सगळी कामाला, आणि नेमका त्याच दिवसांत परसातला टोमॅटो पिकलेला असायचा. दुपारी जेवायला वेळ कमी, ऊन इतकं की शेगडी पेटवावीशी वाटू नये, मग आई ब्रेडच्या स्लाइस मांडून भराभर सँडविचं करायची. तंबाखूच्या चिकाने हात काळे आणि चिकट होतात, साबणाने धड निघत नाही, म्हणून कच्चा हिरवा टोमॅटो हातावर चोळून हात धुवायचे आणि मग पिकलेला टोमॅटो ब्रेडमध्ये घालून खायचा, असं त्या सांगतात. पैसे फारसे नसलेल्या घरांचं जेवण आहे हे. ब्रेड आणि मेयो तेवढं दुकानातून यायचं, बाकी परसातलं.

टोमॅटो, इथे घाई नको

आधी सीझन. पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात ऑगस्ट-सप्टेंबर, आमच्याकडे सपाटीवर जुलै-ऑगस्ट, आणखी दक्षिणेला गेलात तर जूनमध्येच सुरू. बागवाल्या लोकांत ४ जुलैच्या आधी कोणाचा पहिला टोमॅटो पिकतो ह्याची चुरस असते. सीझन नसेल तर हे सँडविच करू नका, सरळ सांगते. हिवाळ्यात अमेरिकेतल्या दुकानांत येणारा बराचसा फ्लोरिडाचा टोमॅटो हिरवा असतानाच तोडलेला असतो आणि नंतर इथिलीन वायू देऊन लाल केलेला असतो, लांबच्या प्रवासाला तो सोयीचा आहे, पण रंग आला म्हणजे चव आली असं होत नाही.

जात कुठली? मोठा, चपटा, मांसल, रसाळ टोमॅटो लागतो, ज्याची एक चकती अख्खा ब्रेड झाकेल. साधारण ३०० ते ५०० ग्रॅमचा एक. इथे ह्या गटाला बीफस्टेक म्हणतात. ह्यातला माझा लाडका चेरोकी पर्पल. तो काळपट जांभळ्या-तांबड्या रंगाचा, देठाकडे हिरवट खांदे असलेला, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला सडलाय की काय वाटतं. १९९० मध्ये टेनेसीच्या जे. डी. ग्रीन ह्यांनी क्रेग लेहुलियर ह्या हौशी बागकाम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला ह्याचं बी टपालाने पाठवलं, सोबत चिठ्ठी की हे बी मुळात चेरोकी लोकांकडून आलंय, त्यावरून लेहुलियर ह्यांनी हे नाव ठेवलं. पुढे ते बरीच वर्षं रॉलीत राहिले, त्यामुळे आमच्याकडच्या बागांत हा टोमॅटो भरपूर दिसतो. जर्मन जॉन्सन हा गुलाबी, कमी आंबट, आजींच्या घरचा. बेटर बॉय हायब्रिड आहे पण परसातला बेटर बॉय उत्तम लागतो, हायब्रिड म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. जो तो आपल्या भागाचा टोमॅटो सगळ्यात भारी म्हणतो, व्हर्जिनियात हॅनोव्हरचा, टेनेसीत ग्रेंजर काउंटीचा, आणि आर्कान्सा राज्याने तर १९८७ मध्ये तिथल्या गुलाबी टोमॅटोला राज्याचं अधिकृत फळ आणि अधिकृत भाजी अशी दोन्ही पदं देऊन टाकली. लांबट रोमा टोमॅटो मात्र घेऊ नका, तो सॉससाठी, त्यात गर घट्ट आणि रस कमी.

घेताना हातात धरून बघा, आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. देठाजवळ वास घ्या. तिथे झाडाचा तो उग्र हिरवट वास आणि खाली गोडसर वास असे दोन्ही यायला हवेत, वासच नसेल तर चवही नसणार. अंगठ्याने अगदी हलकं दाबलं की किंचित दबेल इतका पिकलेला, पण मऊ पडलेला नको. वरच्या बाजूला तडे असतील, खांद्यावर वेडेवाकडे वण असतील तर घाबरू नका, चांगल्या जातींना ते असतातच, तेवढा भाग कापून टाकायचा. मी शेतकरी बाजारातून घेते किंवा रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरून, कित्येक ठिकाणी तर तिथे माणूसही नसतो, टोमॅटो मांडलेले आणि पैसे टाकायला एक डबा.

आणि फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. ह्यावर मी घरी आलेल्या प्रत्येकाशी वाद घातलाय. साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली टोमॅटोतला सुगंध तयार होण्याचं काम मंदावतं. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की फ्रिजसारख्या थंडीत आठवडाभर ठेवला की सुगंधाच्या घटकांशी संबंधित जनुकं दबतात, आणि नंतर बाहेर काढून ठेवला तरी ती पूर्ण सावरत नाहीत. गोडी-आंबटपणा तसाच राहतो, वास जातो, आणि वास गेला की आपण म्हणतो पाणचट लागतोय. तेव्हा ओट्यावर, उन्हाबाहेर, देठाची बाजू खाली करून ठेवा, कारण ओलावा जास्त करून देठाच्या वणातून उडतो. एकावर एक रचू नका. थोडा कच्चा असेल तर दोन-तीन दिवसांत तयार होईल. झाडावर नुकता रंग धरलेला टोमॅटो घरात आणून ठेवला तरी छान पिकतो, पाऊस लागून तडकण्यापेक्षा किंवा खारींनी खाण्यापेक्षा ते बरं.

ब्रेड आणि मेयो

ब्रेड साधा पांढरा, मऊ, स्वस्तातला, आणि ताजा. इथे सनबीम किंवा मेरिटा ही जुनी नावं लोक घेतात. भारी बेकरीतला सावरडो घेतला की काय होतं, त्याचा कडक पापुद्रा चावायला जोर लावावा लागतो आणि त्या जोराने टोमॅटो मागच्या बाजूने निसटून खाली पडतो. शिवाय सावरडोची स्वतःची आंबट चव मध्ये येते. मऊ ब्रेड दाताखाली लगेच तुटतो, टोमॅटो जागेवर राहतो. भाजायचा की नाही ह्यावर इथल्या घराघरांत दोन तट आहेत, भाजणारे म्हणतात ओला होत नाही. मी न भाजणाऱ्यांतली. भाजलेल्या ब्रेडच्या कडा टाळूला लागतात आणि रस ब्रेडमध्ये शिरून जो मऊपणा येतो तोच तर ह्यातला आनंद आहे.

मेयोनीजवर दक्षिणेतले लोक भांडतात, अगदी मनापासून. बहुतेकांचं उत्तर ड्यूक्स. १९१७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलच्या युजिनिया ड्यूक ह्या बाईंनी पहिल्या महायुद्धाच्या वेळी जवळच्या कॅम्प सेव्हियर ह्या लष्करी तळावरच्या सैनिकांना घरी केलेली सँडविचं विकायला सुरुवात केली. सँडविचपेक्षा मेयोचीच मागणी वाढली म्हणून त्या मेयो वेगळं विकायला लागल्या, आणि १९२९ मध्ये रिचमंडच्या सॉअर कंपनीने ते विकत घेतलं. ह्या सँडविचसाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्यात साखर नाही. टोमॅटो गोड आहेच, त्यावर गोड मेयो घातलं की दोन गोड एकमेकांना मारतात, त्याऐवजी व्हिनेगरचा थोडा आंबट चटका असलेलं मेयो टोमॅटोची गोडी वर आणतं. ड्यूक्स न मिळाल्यास हेलमन्स चालेल, न्यू ऑर्लिन्सकडचे लोक ब्लू प्लेट घेतात. मिरॅकल व्हिप दिसायला मेयोसारखं असलं तरी गोड आहे, ते नको.

मेयो घरी करायचं तर सोपं आहे. उभट बरणीत दोन अंड्यांचे पिवळे बलक, दीड मोठा चमचा व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा मीठ, पाव छोटा चमचा मोहरीची पूड, चिमूटभर पॅप्रिका, वर एक कप सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल. शेंगदाणा तेल किंवा मोहरीचं तेल नको, वास मध्ये येतो. हँड ब्लेंडर तळाशी बलकावर टेकवून चालू करा, खालून पांढरं घट्ट व्हायला लागलं की हळूहळू वर उचला, अर्ध्या मिनिटाच्या आसपास मेयो तयार. फुटलंच तर वेगळ्या भांड्यात एक नवा बलक घ्या आणि ते फुटलेलं मिश्रण त्यात थोडं थोडं घालत फेटा, परत जुळून येतं. हे कच्चं अंडं आहे, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं ह्यांना द्यायचं असेल तर पाश्चराइज्ड अंडी घ्या नाहीतर विकतचं वापरा. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. अंडं खात नसाल तर अर्धा कप थंडगार फुल क्रीम दूध आणि एक कप तेल हँड ब्लेंडरने असंच फिरवा, घट्ट झालं की मीठ, मोहरी पूड आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घालून परत एकदा फिरवा. चव थोडी सौम्य येते पण काम उत्तम होतं.

आता करायला घ्या

आधी सगळं हाताशी मांडा कारण टोमॅटो चिरल्यानंतर थांबायला वेळ नसतो. टोमॅटो धुऊन पुसून कोरडा करा. करवती सुरी घ्या, ब्रेड कापायची असते तीच, साधी सुरी बोथट असेल तर सालीवर घसरते आणि टोमॅटो चेचला जातो. देठाची बाजू एकीकडे धरून टोमॅटो आडवा कापा, म्हणजे चकतीत आतले कप्पे फुलासारखे दिसतील. दोन्ही टोकं बाजूला काढा, करणाऱ्याने ती मीठ लावून तिथेच खायची. मधला कडक गाभा असेल तर सुरीच्या टोकाने काढा.

जाडी बोटभरापेक्षा थोडी कमी, एक ते सव्वा सेंटिमीटर. पातळ चकत्यांच्या थरापेक्षा एकच जाड चकती चांगली, दाताखाली टोमॅटो आल्यासारखा वाटतो. एका चकतीने ब्रेड झाकला जात नसेल तर दुसरी अर्धी करून कडेला बसवा, एकावर एक रचू नका कारण ओल्यावर ओलं ठेवलं की ते घसरतंच.

बिया आणि त्याभोवतीचा बुळबुळीत रस काढून टाकू नका. कोशिंबिरीला पाणी सुटू नये म्हणून आपल्याला तो भाग पिळून काढायची सवय असते, पण टोमॅटोतलं ग्लुटामेट, म्हणजे ज्याने तोंडाला ती खमंग भरीव चव येते, ते गरापेक्षा ह्या बियांभोवतीच्या रसात जास्त असतं. सालीचं म्हणाल तर जुन्या बायका काढायच्या, शेजारच्या आजी अजून काढतात, टोमॅटो पूर्ण पिकला असेल तर सुरीच्या पाठीने सगळीकडून हलकं घासून घेतलं की साल सहज सुटते. चेरोकी पर्पलची साल पातळ, मी काढत नाही.

चकत्या ताटलीत पसरा आणि दोन्ही बाजूंनी मीठ भुरभुरवा. मीठ ब्रेडवर किंवा मेयोवर नाही, टोमॅटोवरच. तीन-चार मिनिटं तसंच राहू द्या, मीठ आत जाईल, थोडा रस बाहेर येईल. काही लोक ह्या पायरीला चकत्या कागदाने टिपून कोरड्या करतात. चहाबरोबर देतात ती छोटी गोल कापलेली टोमॅटो सँडविचं असतात ना, लग्नाबिग्नात, बारशाला, तिथे ते बरोबर आहे कारण ती तासभर टिकायला हवीत. घरच्या सँडविचला टिपायचं नाही. ताटलीत राहिलेला रस पिऊन टाका किंवा त्यात ब्रेडचा तुकडा बुडवून खा.

तोवर ब्रेडला मेयो. दोन्ही स्लाइसना, प्रत्येकीला एक मोठा चमचा भरून, आणि अगदी कडेपर्यंत, कोपरेसुद्धा सोडायचे नाहीत. ह्यात कंजुषी केलीत तर सँडविच बिघडतं. मेयो बहुतांशी तेल आहे, त्याचा थर ब्रेड आणि रसाच्या मध्ये राहतो आणि ब्रेडचा एकदम लगदा होऊ देत नाही. मुंबईचा सँडविचवाला काकडी-टोमॅटो ठेवायच्या आधी ब्रेडला कडेपर्यंत बटर चोपडतो त्याचंही हेच काम आहे.

आता चकती उचला, एकदा हलकी झटका, एका स्लाइसवर ठेवा, वर मिरपूड, ताजी आणि जाडसर कुटलेली, वाटते त्यापेक्षा जास्त. दुसरी स्लाइस झाका आणि तळव्याने हलकं दाबा. फक्त इतकं की मेयो टोमॅटोला चिकटेल. मग एखादं मिनिट थांबा, रस आणि मेयो मिसळून एक गुलाबी सॉस तयार होतो, तो ब्रेडच्या आतल्या भागात शिरतो, आणि तेव्हा खायचं. कापायचं असेल तर तिरकं कापा, पण न कापता दोन्ही हातांनी धरलं तर गळती कमी. इथे बरेच जण सिंकवर वाकून उभ्यानेच खातात, कोपरापर्यंत ओघळ येतो त्यामुळे ते सोयीचंच पडतं. पाच मिनिटांच्या आत संपवा. दुसरं हवं असेल तर दुसरं नव्याने करा, आधी करून ठेवू नका.

ह्यात काय घालू शकतो असं मला नेहमी विचारतात. गोड व्हिडालिया कांद्याची कागदासारखी पातळ चकती चालते, तुळशीसारखं बेझिलचं एखादं पान चालतं. बेकन आणि लेट्यूस घातलं की ते दुसरं सँडविच झालं, चांगलं आहे पण हे नाही. चीज, हिरवी चटणी, चाट मसाला ह्यातलं काहीही पहिल्यांदा घालू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. टोमॅटो खरंच चांगला असेल तर चाट मसाला त्याला झाकतो. आधी साधं खा, मग तुमच्या मनाप्रमाणे करा.

पिकनिकला किंवा डब्यात न्यायचं तर जोडून नेऊ नका. ब्रेड पिशवीत, टोमॅटो अख्खा, मीठ-मिरपूड पुडीत, एक छोटी सुरी, आणि मेयो बर्फाच्या पिशवीबरोबर. मेयो बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एक तासच.

महाराष्ट्रात करायचं असेल तर

मंडईत येणारा नारायणगाव, पिंपळगावकडचा टोमॅटो ट्रकमधून लांब जायचा म्हणून जाड सालीचा आणि घट्ट असतो, भाजीला मस्त, ह्याला नाही. आठवडी बाजारात गावठी टोमॅटो शोधा, चपटा, खाचा असलेला, पातळ सालीचा, हातात घेतला की फुटेल की काय वाटणारा. तो आंबट जास्त असतो आणि आकाराने लहान, त्यामुळे स्लाइसवर तीन-चार चकत्या शेजारी शेजारी लावा. दोन दिवस ओट्यावर ठेवून पूर्ण लाल होऊ द्या. ब्रेडचा प्रश्न नाही, मुंबईत विब्जचा मोठा स्लाइस ब्रेड झकास. विकतचं व्हेज मेयो बहुतेक गोड असतं, पाकिटावर साखर लिहिलेली बघा, आणि तेच घ्यावं लागलं तर दोन चमच्यांत अर्धा छोटा चमचा व्हिनेगर आणि चिमूटभर मोहरी पूड मिसळून घ्या.

गच्ची किंवा उन्हाची बाल्कनी असेल तर मात्र स्वतः लावा. चेरोकी पर्पलचं बी ऑनलाइन मिळतं. आपल्याकडे ह्याचा सीझन थंडीचा, कारण रात्रीचं तापमान साधारण २४ अंशांच्या वर राहिलं की मोठ्या टोमॅटोंची फुलं गळतात, फळ धरत नाही. गणपती झाले की बी पेरा, पाच-सहा आठवड्यांची रोपं दिवाळीच्या सुमारास मोठ्या कुंडीत लावा, निदान वीस लिटर मातीची कुंडी, रोपाचं खोड निम्मं मातीत पुरून, कारण पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. सहा तास ऊन, उंच काठीचा आधार, आणि पाणी रोज एकसारखं, कारण दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी भरपूर घातलं की फळं तडकतात. लावणीपासून ८० दिवस धरा, म्हणजे संक्रांतीच्या आसपास पहिला टोमॅटो हातात. ह्याचं बी धरता येतं, हायब्रिड नाही हे. पहिल्या चांगल्या फळाच्या थोड्या बिया रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवा, धुऊन ताटलीवर सुकवा आणि कागदी पाकिटात नाव-तारीख घालून ठेवा. बाकीचं अख्खं फळ ब्रेडमध्ये.